शस्त्रक्रिया मोजायच्या की कुत्री?

न्यूयॉर्कमधली भटकी कुत्री सांभाळण्याचे काम एकाच संस्थेकडे शंभर वर्षे होते. प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये स्थापन केलेली ‘एएसपीसीए’ ही ती संस्था. बर्ग हयात असेपर्यंत त्यांनी शहराचा कोंडवाडा हाती घेतला नाही. त्या काळी पकडलेली कुत्री पिंजऱ्यासकट ईस्ट नदीत बुडवली जात आणि पकडणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळत. साहजिकच मालकाच्या दारातले पाळीव कुत्रेही उचलले जाई. बर्ग यांच्या पश्चात, १८९४ मध्ये, संस्थेने हे काम स्वीकारले आणि १९९४ अखेर ते सोडून दिले. शहराकडून मिळणारा पैसा पुरत नव्हता, आणि संस्थेची ताकद प्राणी कोंडण्यात व मारण्यातच खर्ची पडत होती.

शहराने मग या कामासाठी नवी संस्था उभारली. तिची नावे पुढे बदलत गेली, पण पैशांची आणि जागेची चणचण संपली नाही. क्वीन्ससारख्या लाखो वस्तीच्या भागात पूर्ण सोयींचा निवारा उघडायला २०२४ साल उजाडले. काम करणारे बदलले, तरी काम कशाला म्हणायचे आणि त्यासाठी किती खर्च करायचा, हा निर्णय शहरालाच घ्यावा लागतो. तो न घेतल्याची किंमत न्यूयॉर्कने तीन दशके मोजली.

महाराष्ट्रातल्या महापालिकांनी हा इतिहास जवळून वाचायला हवा. इथे भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या कंत्राटाची मुदत संपत आली की नागरिकांच्या तक्रारी वाढलेल्या असतात, जुन्या संस्थेवर खापर फुटते आणि नवी निविदा निघते. चर्चा मात्र एकाच आकड्याभोवती फिरते: एका कुत्र्याच्या शस्त्रक्रियेचा दर किती?

नगामागे पैसे देण्याची पद्धत मुंबईला नवी नाही. १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्यासाठी शिपायांना कुत्र्यामागे इनाम लावले. इनामाच्या लोभाने शिपाई दिसेल त्या कुत्र्यावर तुटून पडले. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज खवळला, कोट भागात दंगल झाली आणि बाजार बंद पडले. पुढे कुत्री मारणे हेच पालिकेचे धोरण राहिले. विजेचा धक्का देऊन मारण्याची पद्धत तर १९९०च्या दशकापर्यंत चालू होती. तरीही रस्त्यांवर कुत्री होतीच.

आज कुत्री सरसकट मारता येत नाहीत. प्राणी प्रजनन नियंत्रणाचे २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम सांगतात, की कुत्रे पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस द्या, ओळखीसाठी कान कातरा आणि जिथून आणले तिथेच सोडा. हे काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच करायचे आहे. मोबदला मात्र बहुतेक ठिकाणी अजून नगावरच दिला जातो, आणि नेमकी इथेच गफलत होते. देयक शस्त्रक्रियांच्या संख्येवर निघत असेल, तर पकडणारी गाडी साहजिकच हाताशी येणाऱ्या कुत्र्यांकडे जाते. बिस्किटाला भुलणारे माणसाळलेले नर आधी सापडतात. नाल्याकाठची बुजरी मादी मागे राहते, आणि एका वेतात चार-सहा पिल्ले देते. एका प्रभागातली तीस, दुसऱ्यातली चाळीस अशी विखुरलेली कुत्री उचलून वर्षाचा आकडा भरता येतो. कागद चोख असतो, पण गल्लीत पिल्ले खेळतच असतात.

जयपूरने वेगळी वाट घेतली. तिथल्या ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९४ पासून शहराच्या ठरावीक भागात माद्यांवर भर देत सातत्याने काम केले आणि कुत्र्यांची गणनाही चालू ठेवली. आठ वर्षांत त्या भागातल्या सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण झाले, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि माणसांमधल्या रेबीजच्या केसेस शून्यावर आल्या. गोव्यात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचे लक्ष्य धरले. पथके हातजाळी घेऊन वाड्यावाड्यांत फिरली आणि कोणती वस्ती झाली, कोणती राहिली याची मोबाइलवर नोंद ठेवली. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक केसेस ९२ टक्क्यांनी घटल्या. २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य ठरले. दोन्हीकडे काम मोजले गेले ते वस्तीतली किती कुत्री शस्त्रक्रियेविना किंवा लशीविना उरली, यावरून.

देशात २०२४ या एका वर्षात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. ज्यांच्या मुलाला शाळेच्या वाटेवर कुत्रे चावले, त्यांचा संताप रास्त आहे, आणि त्यांना ठोस उत्तर देणे पालिकेचे कर्तव्य आहे.

त्यात आता नवी जबाबदारी आली आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि ती परत तिथे न सोडण्याचा आदेश दिला. म्हणजे काही कुत्री कायमची सांभाळावी लागणार. त्यांच्यासाठी वेगळी जागा आणि वेगळा पैसा ठेवला नाही, तर ती शस्त्रक्रिया केंद्रातलेच पिंजरे अडवतील. मग ऑपरेशनसाठी आणलेल्या कुत्र्यांना ठेवायचे कुठे? निवाऱ्याचे आणि निर्बीजीकरणाचे काम एकाच कंत्राटात, एकाच दरात कोंबणे ही घोडचूक ठरेल.

नव्या निविदेत पालिकेने शस्त्रक्रिया नव्हे, प्रभाग विकत घ्यावा. एका प्रभागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांचे कान कातरलेले दिसेपर्यंत पुढच्या प्रभागात जायचे नाही. माद्यांची टक्केवारी वेगळी मोजायची. देयकाचा ठरावीक हिस्सा त्रयस्थ पाहणी होईपर्यंत राखून ठेवायचा. मुदत किमान चार-पाच वर्षांची असावी, कारण वर्षभराच्या कंत्राटावर कुणी नवे पिंजरे बांधत नाही. सगळ्या नोंदी पालिकेच्या मालकीच्या असाव्यात, म्हणजे संस्था बदलली तरी काम शून्यापासून सुरू होणार नाही. आणि जुनी मुदत संपण्याआधी नव्या संस्थेला कार्यादेश मिळावा. मध्ये चार महिने गाडी उभी राहिली, तर पिल्लांची एक पिढी हातची जाते.

कुत्री पकडणाऱ्या माणसांचा उल्लेख निविदेत क्वचितच असतो. चावे त्यांनाच सर्वाधिक बसतात. रेबीजची प्रतिबंधक लस, विमा आणि मासिक पगार ही त्यांच्यासाठी सक्तीची अट हवी. या माणसांना गल्लीबोळ ठाऊक असतात, कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या मावशी-काका ओळखीचे असतात. बुजरी मादी कुठे झोपते हे त्यांनाच माहीत असते, म्हणून संस्था बदलली तरी या माणसांना नव्या पथकात आधी सामावून घ्यावे.

यासाठी खर्च वाढेल, आणि स्थायी समितीने तो मंजूर करावा. दराचे लिफाफे उघडण्याआधी प्रत्येक प्रभागातली कुत्री मोजून तो आकडा जाहीर करावा, म्हणजे पाच वर्षांनी रहिवाशांना स्वतःच्या गल्लीत उभे राहून हिशेब तपासता येईल.