सनदेनंतरची शीलपरीक्षा

परदेशातून आलेल्या मनुष्यास नागरिकत्व देण्यापूर्वी त्याचे शील पारखण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्राला असावा, हे मान्यच आहे; परंतु शपथ होऊन, सनद हाती पडून, संसार थाटून वर्षे लोटल्यावर तेच दप्तर पुन्हा उघडण्याचे काम अमेरिकेच्या न्याय खात्याने जून २०२५ च्या आदेशान्वये अग्रक्रमाने हाती घेतले असल्याने, ज्यांचे आप्तेष्ट तेथे स्थायिक झाले आहेत अशा मराठी घरांनाही या प्रश्नाची दखल घेणे भाग आहे.

मुळात शील मोजावयाचे कशाने? न्यूयॉर्कच्या एका बापाने आपल्या अंध, मुक्या, सर्वस्वी परावलंबी अशा तेरा वर्षांच्या मुलास क्लोरोफॉर्म देऊन मारले. ज्यूरीने त्याला मनुष्यवधाबद्दल दोषी धरले, पण अत्यंत दयेची शिफारसही केली, आणि न्यायाधीशाने शिक्षा तहकूब ठेवून त्यास सोडून दिले. नागरिकत्वासाठी कायद्याला अर्जापूर्वीची पाच वर्षे निष्कलंक हवी होती. या गृहस्थाने अर्ज केला तो ती मुदत भरण्यास अवघे वीस दिवस उरले असता. खालच्या न्यायालयाचा अनुकूल हुकूम १९४७ साली न्या. लर्नेड हँड यांनी फिरविला, मात्र नव्या अर्जास मज्जाव नसल्याचेही नमूद केले. म्हणजे तीन आठवडे थांबता तर तोच मनुष्य कदाचित शीलवान ठरता!

याउलट फ्रँक कॉस्टेलो. चोरट्या दारूचा हा व्यापारी १९२५ साली सनद घेताना आपला धंदा मालमत्तेच्या खरेदी-विक्रीचा म्हणून सांगता झाला. सत्तावीस वर्षांनी त्याच्यावर दावा लागला, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सनद रद्द करण्याचा निकाल कायम केला. त्याच्यासाठी कोणी अश्रू ढाळावेत असे मी म्हणणार नाही. तथापि, फसवणूक सिद्ध न होताही, अर्जाच्या काळात तुमचे शील वस्तुतः चांगले नव्हते एवढ्याच मुद्द्यावर सनद बेकायदा ठरविता येते, त्यास मुदतीची मर्यादा नाही, आणि दावा दिवाणी असल्याने ज्यूरी नाही व सरकारखर्चाने वकीलही नाही. एखाद्या घरफोड्यास जे संरक्षण मिळते, तेही ज्याचे नागरिकत्व पणास लागले आहे त्याच्या वाट्यास येऊ नये, ही विपरीत स्थिती आहे.

आपल्या भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे दहावे कलमही निर्दोष नाही. राज्यघटनेविषयी अप्रीती दाखविणारे भाषण हेसुद्धा त्यात एक कारण आहे. परंतु गुन्ह्यासंबंधी त्याने निदान मोजमाप ठरविले आहे: सनदेनंतर पाच वर्षांच्या आत किमान दोन वर्षांची कैद. अमेरिकेनेही जाणूनबुजून केलेली व निर्णायक ठरलेली लबाडी एवढेच कारण ठेवावे, दाव्यास मुदत घालावी, आणि प्रतिवादीस वकील द्यावा; उरलेल्या अपराधांसाठी तेथे जन्मलेल्या गुन्हेगारांकरिता जे तुरुंग आहेत, ते याही नागरिकांस पुरेसे आहेत.