कौल कोणाचा, खेळ कोणाचा

एका घरात एकत्र राहणाऱ्या स्पर्धकांच्या 'बिग बॉस मराठी' या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या पाचव्या पर्वात, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, बारामती तालुक्यातील सूरज चव्हाणने अभिजीत सावंतला मागे टाकून विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याच्या पात्रतेवरून उसळलेल्या वादाचे मूळ स्पर्धेच्या घडणीतच होते. कारण टास्क, म्हणजे घरात नेमून दिलेली कामगिरी, डावपेच जाणणाऱ्याला तारते, पण शेवटचा निवाडा प्रेक्षकांच्या मतांवर होतो. टास्कची सूचना वाचतानाही अडखळणाऱ्या सूरजला केवळ सहानुभूतीची मते, म्हणजे खेळाऐवजी हलाखीकडे पाहून दिलेला कौल, मिळाली, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. मात्र खुद्द सावंतही २००५ मध्ये 'इंडियन आयडॉल' या गायनस्पर्धेचा पहिला विजेता ठरला तो प्रेक्षकांच्या मतांवरच, हे त्याचे चाहते सोयीस्करपणे विसरतात.