अठ्ठ्याऐंशी दिवसांचं सबमिशन

आपल्या हॉस्टेलमध्ये जीआरई, कॅम्पस आणि एमपीएससी यांच्या जोडीला चर्चेचा एक नवा विषय आलाय, तो म्हणजे ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा. सप्टेंबर २०२४ पासून तो भारतीयांनाही मिळू लागला. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि नशीब! कारण वर्षाला जागा फक्त १०००, आणि त्याही लॉटरीनं. पाठीला सॅक लावून देश फिरायचा आणि खर्चासाठी मिळेल ते काम करायचं, अशी ही योजना. आमचा एक सिनिअर या लॉटरीत लागला आणि सध्या क्वीन्सलंडमध्ये गुरांच्या एका मोठ्या फार्मवर काम शिकतोय. मेकॅनिकलचा फर्स्ट क्लास गडी गुरं हाकतोय, म्हणून मेसमध्ये त्याची यथेच्छ टिंगल झाली. मला विचाराल तर टिंगल करावी असं त्यात काहीतरी आहे खरं, पण ते गुरं हाकणं नाही.

आधी हे काम काय असतं ते बघू. तिकडे अशा अवाढव्य फार्मला 'स्टेशन' म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर रेल्वे येते, पण मामला वेगळा आहे. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अॅना क्रीक हे एकटं स्टेशनही असंच एखाद्या जिल्ह्याएवढं! सगळीच स्टेशनं एवढी नसतात, पण शेजारी म्हणजे तासा-दोन तासांचा गाडीप्रवास, हे नेहमीचंच. तिथं काम शिकायला येणाऱ्या पोराला 'जॅकरू' म्हणतात आणि पोरीला 'जिलरू'. जॅकरू हा शब्द १९ व्या शतकापासून चालत आलाय.

जॅकरूनं काय करायचं? मोटारसायकलवर, घोड्यावर बसून पांगलेली गुरं गोळा करायची. वरून कधीकधी हेलिकॉप्टरही मदतीला असतं. मग त्यांना कुंपणात घेऊन निवडायचं, वासरांच्या कानांत बिल्ले मारायचे. तारेचं कुंपण तुटलं की जोडायचं. पण सिनिअर म्हणतो, खरं शिकवतं ते पाण्याच्या फेऱ्याचं काम. बोअर, टाकी, हौद, पुढचा बोअर, असं दिवसभर गाडी घेऊन हिंडायचं आणि प्रत्येक हौदात पाणी आहे ना ते बघायचं. हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह असतो. तसाच व्हॉल्व्ह आपल्या संडासाच्या फ्लशच्या टाकीतही असतो, पण तो बिघडला की आपण रेक्टरांच्या नावानं बोटं मोडून मोकळे होतो. तिथं तो अडकला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर त्या उन्हात गुरं तडफडून मरतात. परीक्षा रोज असते, पेपर कुणी काढत नाही आणि एटीकेटी तर नाहीच नाही.

दुसरा धडा फाटकाचा. नियम एवढाच की फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. नव्या माणसाला वाटतं, फाटक लावून घेणं म्हणजे व्यवस्थितपणा. पण ते उघडं फाटक हीच कदाचित पलीकडच्या गुरांची पाण्याकडे जायची वाट असते. एखादी यंत्रणा समजून घेतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे इतक्या सोप्या शब्दांत आपल्याला कुठल्या विषयात शिकवलंय, सांगा बरं?

इथवर सगळं छान. आता सहीकडे येऊ. हा व्हिसा एका वर्षाचा असतो. दुसरं वर्ष हवं असेल, तर सरकारनं ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेल्या प्रकारचं काम निदान तीन महिने, म्हणजे ८८ दिवस करावं लागतं. शेती आणि गुरांचं काम त्यात बसतं. पुरावा म्हणून पगाराच्या पावत्या द्यायच्या, मालकाचा दाखलाही चालतो. युरोपातल्या बॅकपॅकर पोरांना हा नियम २००५ पासून लागू झाला आणि तिथूनच एका चांगल्या गोष्टीचं सबमिशन झालं!

सबमिशन म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको. प्रयोग कुणी केला, रीडिंग कुणाची, शीट जीटी मारून काढलीय का, हे सगळं गौण. जर्नलवर सरांची सही पाहिजे. सही देणारा आणि सही मागणारा असे दोन पक्ष झाले की काम मधल्या मध्ये मरतं. आपल्याकडे त्यातून फार तर रात्रभराचं जागरण होतं. तिथं त्यातून पिळवणूक होते. आमचा सिनिअर आधी दुसऱ्या एका फार्मवर होता. तिथं ओव्हरटाइमचे पैसे मागितले की एकच उत्तर मिळायचं, "तुला दिवस भरायचेत ना?" तीन आठवड्यांत त्यानं सामान उचललं. ही एकट्याची रडकथा नाही. ऑस्ट्रेलियातल्या फेअर वर्क ऑम्बुड्समन या सरकारी यंत्रणेनं २०१६ साली जो चौकशी अहवाल दिला, त्यातही हेच आलंय. दुसऱ्या वर्षासाठी पोरं मालकावर अवलंबून असतात, म्हणून कमी पगार निमूट सोसतात. फळं तोडणाऱ्यांना नगावर पैसे मिळायचे. त्यांना ताशी किमान वेतनाची हमी मिळायला २०२२ चा एप्रिल उजाडावा लागला.

कुणी म्हणेल, सक्ती नसेल तर त्या रानात जाईल कोण? पण जॅकरू शंभर-सव्वाशे वर्षं जातच होते की! काम यावं म्हणून जात होते, तेव्हा हा ८८ दिवसांचा नियम जन्मालाही आला नव्हता. आणि जुलै २०२४ पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना ही अट उरलेली नाही. दुसरं काय, तिसरंही वर्ष त्यांना फार्मवर न जाता मिळतं. म्हणजे अट शिक्षणासाठी नव्हती, मजूर मिळावेत म्हणून होती. आपल्या पोरांना ती अजून आहे.

आता जरा घरचं. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या स्टेशनांवर बहुतेक गुरं वशिंडाची असतात. ब्राह्मण नावाचीच ती जात. आपल्याकडच्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाखोऱ्यातल्या गुरांपासून ती अमेरिकेत तयार झाली आणि १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियात गेली. माझा रूम पार्टनर त्याच कृष्णाकाठचा, शिरोळ तालुक्यातला. गाय रवंथ करायची थांबली, कान पाडून उभी राहिली, की तो लांबूनच सांगतो, हिला बरं नाही. त्याच्या या विद्येवर कुणाचीही सही नाही, म्हणून बायोडेटात तिला जागा नाही आणि हॉस्टेलात तो ती बोलूनही दाखवत नाही. उलट न केलेल्या इंटर्नशिपचं सर्टिफिकेट पैसे मोजून आणणारे आपल्यात आहेत, आणि ते मात्र बायोडेटात पहिल्या पानावर झळकतं. टिंगल करायची असेल तर याची करा.

म्हणून ज्यांचं लॉटरीत नाव लागेल त्यांनी जरूर जावं. पहिल्या दिवशी ताशी दर विचारून घ्यावा, दिवस आपल्या वहीत मांडावेत, प्रत्येक पावती जपावी. सहीसाठी अपमान गिळू नये, पण हौद बघायला मात्र रोज जावं.

आणि सरांना एक विनंती. पुढच्या टर्मला वर्कशॉपच्या जर्नलचा एक तरी प्रयोग असा ठेवा, की कॅम्पसमधला एखादा बंद पडलेला पंप आमच्या बॅचला द्यायचा. पाणी चढलं तर मार्क, नाही चढलं तर पुन्हा खोला. सही नाही केलीत तरी चालेल. पाणी आलंय की नाही, ते वरच्या मजल्यावरची पोरं सांगतील.