रुंद टायर आणि वेगाचा भास

शर्यतीच्या सायकलीला रुंद टायर बसवावा की नाही, हा प्रश्न सायकलवेड्यांच्या गप्पांतला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात कशाला लक्ष घालावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु एखादे मत कित्येक दशके स्वयंसिद्ध म्हणून कसे वावरते, त्याला पुरावा म्हणून काय पुढे केले जाते आणि तो पुरावा मुळात कुठे गोळा केलेला असतो, हे तपासणे ज्यांचे नित्याचे काम आहे, त्यांना हा प्रश्न उद्बोधक वाटावा. प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच नोंदवतो: आहे त्या चौकटीत मावेल तितका रुंद टायर बसवावा, त्यात हवा कमी भरावी, आणि एवढ्यासाठी नवी सायकल विकत घेऊ नये.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीच्या सायकलींवर २० ते २३ मिलिमीटर रुंदीचे टायर रूढ होते. त्यांत १२० पौंडांपर्यंत हवा ठासून भरली जाई. यामागचा तर्क सर्वांना पटण्याजोगा होता. रस्त्याला कमी रबर टेकले तर विरोध कमी, विरोध कमी तर वेग अधिक. मात्र रस्त्याला किती रबर टेकते हे मुख्यतः चाकावरील भार आणि आतील हवेचा दाब यांवरून ठरते. दाब सारखा असेल, तर अरुंद आणि रुंद या दोन्ही टायरांचे टेकलेले क्षेत्रफळ जवळपास सारखेच राहते; बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबोडा उमटतो, रुंद टायरचा आखूड आणि पसरट. लांबोड्या ठशात टायरची भिंत अधिक दबते, आणि दबण्या-उसळण्याच्या या क्रियेत शक्ती खर्ची पडते. म्हणजे ज्या तर्कावर ही श्रद्धा उभी होती तो पहिल्याच पायरीवर निसटता होता.

मग प्रयोगशाळेने तो का पकडला नाही? टायरची चाचणी बहुधा गुळगुळीत पोलादी ड्रमवर घेतली जाई. ड्रमवर हवा जितकी वाढवावी तितका विरोध कमी होत जातो. त्यामुळे कडक टायर वेगवान, हा निष्कर्ष प्रत्येक चाचणीत नव्याने सिद्ध होत राहिला. या मांडणीत एकच गोष्ट गैरहजर होती, ती म्हणजे सायकलवर बसलेला माणूस. खडबडीत रस्त्यावर कडक टायर खडे गिळत नाही. तो उडतो, आणि तो हादरा सायकलीमार्फत स्वाराच्या शरीरात उतरतो. स्नायू आणि ऊती तो शोषून घेतात, त्याची उष्णता होते, आणि ही उष्णता स्वाराने पायांनी निर्माण केलेल्या शक्तीतूनच वजा होते. अमेरिकेतील सिएटल येथून २००२ पासून निघणाऱ्या एका त्रैमासिकाचे संपादक यान हाइने यांनी ड्रम सोडून खऱ्या रस्त्यावर, स्वारासकट चाचण्या घेतल्या आणि हा तोटा पुढे आणला. हाइने यांनी पुढे रुंद टायर विकण्याचाही व्यवसाय केला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मात्र त्याच दिशेने पुढे व्यावसायिक शर्यतीही वळल्या. २०१० नंतरच्या दशकात २३ ची जागा २५ ने घेतली, आणि आता २८ किंवा त्याहून रुंद टायर तेथे सर्वमान्य आहेत.

साहित्याच्या वाचकाला येथे एक जुना वाद आठवल्यावाचून राहणार नाही. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४९ मध्ये असे बजावले की, कवितेचा वाचकावर होणारा परिणाम हा तिच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. तसे मानणे ही कविता आणि तिचा परिणाम यांच्यातील गल्लत होय. १९७० मध्ये स्टॅन्ली फिश यांनी नेमकी उलट बाजू घेतली: वाचताना वाचकाच्या मनात क्रमाक्रमाने जे घडते तेच अर्थ होय. ड्रमवरची चाचणी ही पहिल्या पक्षाची, रस्त्यावरची दुसऱ्या. हे साम्य फार ताणू नये, हे खरे. ड्रम निरुपयोगी नाही. दोन टायरांच्या रबराची आणि विणीची तुलना करायची तर स्वाराची लहर बाजूला ठेवावीच लागते, आणि संहितेच्या काटेकोर वाचनानेही आपल्याला अशीच शिस्त लावली. चूक होते ती सोयीसाठी वगळलेली गोष्ट अस्तित्वातच नाही असे मानू लागल्यावर.

त्याहून विचार करायला लावणारी बाब आहे ती वेगाच्या भासाची. अरुंद, कडक टायरवर बसलेल्या स्वाराला आपण वेगात आहोत असे खरोखरच वाटते. हाताला झिणझिण्या आणणारी थरथर वेग वाढला की वाढते. म्हणून थरथर वाढली की वेग वाढला, असे मन परस्पर ठरवून टाकते. रुंद टायरवर थरथर मावळते आणि सायकल मंदावल्यासारखी वाटते. घड्याळ मात्र तसे सांगत नाही. आपल्या समीक्षालेखनातही हा भास ओळखीचा आहे. परिभाषेने ठासून भरलेले, प्रत्येक ओळीत वाचकाला हादरे देणारे गद्य पुष्कळांना खोल वाटते, कारण ते वाचताना श्रम होतात. विद्यार्थी त्या श्रमांनाच विचार समजू लागतात आणि तसेच लिहू लागतात. शिक्षकांनी निदान एवढे तरी विचारावे की या हादऱ्यांतून अंतर किती कापले गेले.

या इतिहासात एक उपरोधही आहे. हवेचा टायर शर्यतीत उतरला तोच थट्टेचा विषय होऊन. डनलॉप यांनी १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले (रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच तशी कल्पना नोंदवली होती, हे नंतर उजेडात आले). घन रबराच्या सडपातळ चाकांपुढे तो फुगीर टायर हास्यास्पद दिसे. १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम यांनी त्यावर बसून विजय मिळवले आणि हसणे थांबले. मऊ आणि रुंद म्हणजे मंद, हा समज तेव्हाच एकदा खोटा ठरला होता. तरीही तो नव्या वेषात परतला.

आता मर्यादांविषयी. टायर रुंद केला आणि हवा पूर्वीइतकीच ठेवली, तर फायदा होत नाही. टायरच्या भिंतीवरचा ताण वाढून सायकल उलट अधिकच टणक होते. २३ चा टायर काढून २८ चा घातला, तर आतील पोकळीचा छेद जवळजवळ दीडपट होतो. दाब त्या मानाने उतरवायला हवा. अतिशय वेगात रुंद टायरला वारा अधिक अडतो आणि वजनही थोडे वाढते. शिवाय टायरवर छापलेला आकडा अंतिम नसतो: अंतर्गत १५ मिलिमीटर रुंदीच्या रिमवर २५ भरणारा टायर २१ मिलिमीटरच्या रिमवर २७ च्या आसपास भरतो. म्हणून रिमसुद्धा रुंद घ्यायची असेल, तर चढवून, हवा भरून, मग मोजावे. दोन्ही बाजूंना आणि वर, फोर्कपाशी व ब्रेकपाशी, ३-४ मिलिमीटर मोकळीक हवी. नाही तर अडकलेला एक खडा चौकट खरवडत राहतो.

वादाचे खरे मूळ या मोकळिकीत आहे. त्या काळातील कारखानदारांनी चौकटीत आणि ब्रेकमध्ये जागाच ठेवली नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त शर्यतपटू होता. घेणाऱ्यांतले बहुसंख्य मात्र कधीच शर्यतीत उतरणार नव्हते. मनगटे त्यांची दुखली. भारतातल्या दूधवाल्याच्या आणि पोस्टमनच्या काळ्या सायकलीला २८ गुणिले दीड इंचाचा, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटरचा टायर असे, आणि मडगार्ड बसूनही जागा उरे. ती सायकल जड होती, पण तिची मापे रस्ता आणि ओझे पाहून ठरलेली होती.

आज पारडे दुसऱ्या बाजूला झुकले आहे. व्यावसायिक रस्ता-शर्यतींत २०१८ मध्ये डिस्क ब्रेकला रीतसर मान्यता मिळाली, नव्या चौकटींत ऐसपैस जागा आली, आणि जुन्या सायकली कालबाह्य ठरवल्या जाऊ लागल्या. काल अरुंदतेची सक्ती करणारी बाजारपेठ आज रुंदतेची करते आहे. पूर्वीच्या रूढीला प्रश्न विचारणाऱ्यांनी या रूढीपुढेही मान तुकवू नये. ज्या चौकटीत २५ मावतो तिथे २५ घालावा, २८ मावतो तिथे २८. हवा उतरवावी आणि आपल्या रोजच्या रस्त्यावर, स्वतःच्या अंगाने, घड्याळ लावून पाहावे. निकष कोणाच्या सोयीने ठरला, हे विचारण्याचा अधिकार वाचकाइतकाच स्वारालाही आहे.