पोर बोलत नाही? वाट पाहू नका, आधी कान तपासा



आपल्या वस्तीत दोन-अडीच वर्षांचे पोर बोलत नसले की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. कुणी म्हणते, "याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता." कुणी म्हणते, मुलगे उशिराच बोलतात. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगते, कुणी जिभेखालची शीर कापून आणा म्हणते, तर कुणी अमक्या बाबाचा गंडा सुचवते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली आईसुद्धा लेकराच्या काळजीपोटी कधी कधी गुपचूप गंडा बांधून घेते. तिला दोष देऊन काय उपयोग? तिला दुसरी वाट कुणी दाखवलेलीच नसते. ती वाट कोणती, तेच आज सांगायचे आहे.

मूल बोलायला शिकते ते ऐकून. ज्याला नीट ऐकू येत नाही ते बोलणार कसे? म्हणून बोलणे उशिरा होत असेल तर पहिली तपासणी जिभेची नव्हे, कानाची. यावर घरचे म्हणतात, "कान चांगले आहेत हो, ताट पडले की दचकतो." पण ताटाचा आवाज मोठा असतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तो कळतो. 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक आवाज मात्र कळत नाहीत. सारखी सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठले तरी ऐकणे कमी होते. म्हणून ताट वाजवून घेतलेली परीक्षा खरी मानू नका. कानात गरम तेल तर मुळीच ओतू नका.

कानाची तपासणी एक-दोन दिवसांच्या बाळाचीही करता येते. 'बेरा' नावाच्या तपासणीत बाळ झोपलेले असताना डोक्याला आणि कानामागे तारा चिकटवतात व कानात आवाज सोडतात. सुई नाही, दुखणे नाही. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा यातला जगभराचा दंडक आहे. मेंदू भाषा शिकायला सर्वांत तयार असतो तो या पहिल्या काही वर्षांत. ती वर्षे वाट पाहण्यात गेली तर पुढे दुप्पट कष्ट पडतात.

केव्हा दाखवावे?

एक वर्षाचे बाळ नावाने हाक मारली तरी वळत नाही, बा-बा मा-मा असे आवाज काढत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही.

दीड वर्षाचे झाले तरी अर्थाचा एकही शब्द नाही.

दोन वर्षांचे झाले तरी "आई पाणी", "बाबा आले" असे दोन शब्द जोडत नाही.

तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे बाहेरच्या माणसाला समजत नाही.

आणि कोणत्याही वयात, आधी बोलत असलेले मूल बोलायचे बंद झाले तर एक दिवसही थांबू नका.

काही मुले उशिरा बोलूनही पुढे सर्वांना गाठतात, हे खरे आहे. परंतु आपले मूल त्यांतलेच आहे की नाही, हे घरबसल्या कळत नाही. दाखवायला गेलात तर एका दिवसाची मजुरी बुडेल. न गेलात तर लेकराची दोन वर्षे बुडू शकतात. कान चांगले निघाले तर प्रश्न मिटला असेही नाही. स्वमग्नता, बुद्धीची वाढ मंद असणे, टाळू फाटलेला असणे अशी इतर कारणेही असतात. ती शोधणे आणि बोलणे शिकवणे हे वाचा-उपचारतज्ज्ञाचे काम. जिभेखालची शीर आखूड असल्याने मूल मुके राहत नाही आणि बोलणे आणणारी गोळी किंवा टॉनिकही नाही. असे औषध विकणाऱ्याला दारात उभे करू नका.

दोष नव्हे ते

तीन वर्षांचे पोर "जय भीम"ला "दय भीम" म्हणते, "राजा"ला "लाजा" म्हणते. हे वयाचे बोलणे आहे. 'र', 'ळ' असे उच्चार उशिराच येतात. पण पहिलीत जाऊनही तसेच राहिले तर दाखवावे.

दुसरे असे की, आपली बोली हा वाचादोष नव्हे. "व्हतं", "न्हाई", "पानी", वऱ्हाडातले "मले-तुले" यांना शाळेत कुणी अशुद्ध म्हणून हसले तर मुलाला रागावू नका. ते बोलणे त्याच्या आजीचे आहे, तो आजार नाही. मुलाला पारखायचे ते आपल्याच आळीतल्या त्याच्या वयाच्या मुलांशी. त्यांच्यासारखे बोलत असेल तर चिंता नको. तसेच इंग्रजी माध्यमात घातले म्हणून घरातले मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. आई-बापाला जी भाषा भरभरून येते, तिच्यातच मुलाशी बोलावे.

अडखळणारे मूल

दोन ते पाच वर्षांच्या वयात पुष्कळ मुले बोलताना अडखळतात आणि त्यांतली बरीच आपोआप सुधारतात. सहा महिने उलटूनही अडखळणे राहिले, किंवा शब्द काढताना मूल डोळे मिटते, मान झटकते, बोलायचेच टाळते, तर तज्ज्ञाकडे न्यावे. विहारात सर्वांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हणताना असे मूल अडखळत नाही आणि एकट्याला उभे केले की अडखळते. मग मोठी माणसे म्हणतात, "नाटक करतो." हे नाटक नव्हे. एकसुरात म्हणताना तोतरेपणा जातो, हा जाणकारांचा नेहमीचा अनुभव आहे. तेव्हा त्याला सर्वांबरोबर म्हणू द्या. एकटा बोलू लागला तर वाक्य पुरे होईपर्यंत थांबा. त्याच्या तोंडचा शब्द ओढून घेऊ नका. 'तोतऱ्या', 'मुक्या' ही हाक तर वस्तीतून हद्दपारच झाली पाहिजे.

कुठे जावे?

सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे अंगणवाडी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याच्या नियमाप्रमाणे वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुले वर्षातून एकदा तपासायची असतात. ऐकू न येणे आणि भाषेची वाढ मागे पडणे ही दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पथक केव्हा येणार, ते सेविकाताईंना विचारा आणि शंका स्वतः सांगा. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाचा केसपेपर काढता येतो. मुंबईकरांसाठी नायर रुग्णालय आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची वाक्-श्रवण संस्था १९८३ पासून आहे. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना श्रवणयंत्र मिळू शकते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

खाजगी ठिकाणी गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी लागते. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही श्रवणदोष आणि वाचा-भाषादोष यांचा समावेश आहे. गरज असेल तर दाखला काढण्यात कमीपणा मानू नये.

खरा उपचार घरात

वाचा-उपचाराला गेल्यावर काही पालक निराश होतात. म्हणतात, "चेंडू, चित्रे घेऊन नुसते खेळवतात." तोच उपचार असतो. तिथे काय करतात ते जवळ बसून पाहा आणि घरी रोज करा. आठवड्यातला अर्धा-पाऊण तास तज्ज्ञाचा. बाकीचा सारा वेळ तुमचा. कामामुळे वरचेवर येणे जमत नसेल तर तसे स्पष्ट सांगा आणि घरी करायचा अभ्यास जास्त दिवसांचा मागून घ्या.

आई धुण्या-भांड्याच्या कामाला, बाप पाळीला, वेळ कुठला? पण त्यासाठी निराळा वेळ लागत नाही. भाकरी थापताना "पीठ, पाणी, गरम तवा" म्हणा. आंघोळ घालताना "हात दे, पाय दे" म्हणा. पोराने "पा" म्हटले तर "पाणी हवं? घे पाणी" असे म्हणा. बोललात की थोडे थांबा, त्याला उत्तर द्यायला अवधी द्या. मोबाईलवरचे गाणे पोराच्या उत्तरासाठी थांबत नाही, म्हणून ते हातात देऊन बोलणे येत नाही. पाळीवरून आलेल्या बापाने दहा मिनिटे पोराला समोर बसवून बोलावे. हे काम एकट्या आईचे नव्हे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पहिले पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. बोलता न येणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी वेगळे शिकवायला नको. मग आपल्याच घरातले एखादे लेकरू केवळ आपण वाट पाहत बसलो म्हणून मुके का राहावे? या रविवारी विहारात महिला मंडळाने एवढेच करावे: वस्तीत न बोलणारी मुले किती, ते घरोघर विचारून लिहून काढावे आणि ती यादी सेविकाताईंच्या हाती द्यावी.

जय भीम!