घेण्यापूर्वी उतरून पाहावे

खर्ड्याच्या पेठेतील भुसार मालाचा व्यापारी पोत्याच्या तोंडावरचे दाणे पाहून कधी भाव सांगत नाही. तो पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळाचे मूठभर दाणे वर काढतो, तळहातावर पसरून फुंकर घालतो, एखादा दाणा दाताखाली धरून त्यातील ओल अजमावतो आणि मगच तोंड उघडतो. ही सावधगिरी त्याला कोणत्याही शाळेने शिकविलेली नसते. गादीवर बसता बसता ती अंगवळणी पडते. आश्चर्य असे की, हाच व्यापारी घरासाठी एखादी नवी वस्तू घ्यावयास निघाला म्हणजे आपली ही परीक्षा दुकानातच ठेवून जातो. चित्र पाहतो, विक्रेत्याचे बोलणे ऐकतो आणि पैसे मोजतो. खर्ड्यातील एका शेठजींच्या हातूनही असेच घडण्याच्या बेतात होते. वस्तू होती घडीची सायकल.

शेठजींचे वय सहासष्ट. दुकान पेठेत, राहते घर मागच्या जुन्या वाड्यात. चाळीस वर्षे त्यांनी एकच काळी, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल वापरली. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी आसपासच्या वस्त्यांवर एक फेरी मारावयाची, कोणाच्या शेतात काय उभे आहे ते पाहावयाचे आणि जाता जाता उधारीची आठवण द्यावयाची, हा त्यांचा शिरस्ता. दूरध्वनीवरून मागितलेली उधारी माणसाला टोचते. दारात सायकल टेकवून, पाण्याचा तांब्या घेऊन मागितलेली टोचत नाही, असे ते म्हणत.

गेल्या पावसाळ्यात ते पडले. सायकल वेगात नव्हती. खरे तर ती थांबलेली होती. गतिरोधकापाशी समोर म्हैस आडवी आली म्हणून त्यांनी ब्रेक दाबला, सीटवरून जमिनीला पाय टेकेना, आणि दांडीवरून पाय काढण्याच्या गडबडीत सायकलीसह ते उजव्या अंगावर कलंडले. मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले, हाड जुळले. पण घरच्यांनी सायकल वाड्याच्या चौकात भिंतीला लावून ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून नातू त्यांना मोटारसायकलवरून दुकानात सोडी आणि संध्याकाळी घेऊन येई. वस्त्यांवरची फेरी बंद झाली. नातवाला कॉलेज असे. त्याला थांबवून ठेवणे शेठजींना प्रशस्त वाटेना. आयुष्यभर ज्याने कोणाचे देणे अंगावर ठेवले नाही, त्याला रोज दोन वेळा कोणाच्या तरी मागे बसणे हे देण्यासारखेच वाटू लागले.

पुण्यातील चिरंजिवांनी घडीच्या सायकलीचा विषय काढला तो या पार्श्वभूमीवर. हिला मधली उंच दांडी नसते, त्यामुळे पाय फार वर न उचलता बसता येते. आणि मिटून ठेवली की दुकानातील गादीच्या बाजूलाही मावते. शेठजी पत्नीसह पुण्यास गेले. विक्रेत्याने सोळा इंची चाकांची एक सायकल त्यांच्यासमोर एखाद्या पंचांगासारखी उघडली आणि मिटली. शेठजींनी दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर दोन खांबांमधून चार फेऱ्या मारल्या. वर्षभराने हातात हँडल आले होते, चेहरा फुलला. त्यांनी पाकीट बाहेर काढले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या त्यांच्या पत्नी तेवढ्यात एवढेच म्हणाल्या, “अहो, आपल्या पेठेत अशी फरशी आहे का?”

पाकीट पुन्हा खिशात गेले.

पत्नीच्या त्या प्रश्नात चाकाचे सारे शास्त्र सामावलेले होते. रस्त्यावर दोन इंच, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर उंचीचा उंचवटा आहे असे धरू. चाक त्याला जिथे प्रथम धडकते, तो बिंदू चाकाच्या आकारानुसार बदलतो. जुन्या अठ्ठावीस इंची चाकाला तो उंचवटा चाकाच्या तळापासून सुमारे एकतीस अंशांवर गाठतो, वीस इंची चाकाला सदतीस अंशांवर, तर सोळा इंची चाकाला एक्केचाळीस अंशांवर. कोन जितका मोठा, तितका धक्का समोरून बसतो आणि चाक वर चढण्याऐवजी अडते. खड्ड्याचेही तसेच, लहान चाक त्यात खोल उतरते, मोठे चाक काठावरून काठावर जाते. वीस इंची चाकावर बहुधा अधिक रुंद टायर बसतो, आणि रुंद टायरमध्ये हवेचा दाब थोडा कमी ठेवता येत असल्याने उरलेला हादरा तो आपल्या पोटात घेतो. ज्याचे मनगट एकदा मोडले आहे, त्याच्यासाठी एक्केचाळीस आणि सदतीस यांतील अंतर कागदावर दिसते त्यापेक्षा मोठे असते.

लहान चाकाविषयी एक गैरसमज मात्र रास्त नाही. चाक लहान म्हणून पायडल जास्त मारावे लागतात, असे अनेकजण समजतात. वीस इंची चाक एका फेऱ्यात सुमारे एकशे साठ सेंटिमीटर जाते आणि अठ्ठावीस इंची चाक सुमारे दोनशे तेवीस, हे खरे. परंतु पायडलजवळचे दातेरी चक्र मोठे बसवून ही तूट भरून काढलेली असते. लहान चाकाची अडचण वेगात नसून रस्त्याच्या खडबडीतपणात आहे.

घडीच्या सायकलीच्या कारखानदारांनाही हा प्रश्न नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसए कंपनीने हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांकरिता घडीची सायकल बनविली, तिची चाके मोठीच होती. शेतातून आणि उखडलेल्या रस्त्यांवरून जावयाचे होते. पुढे १९६२ साली अ‍ॅलेक्स मोल्टन या इंग्रज अभियंत्याने लहान चाकांची सायकल लोकप्रिय केली, परंतु हादरे शोषण्यासाठी त्याला तिच्यात रबरी व पोलादी स्प्रिंगची योजना करावी लागली. अँड्रयू रिची यांनी १९७० च्या दशकात लंडनमध्ये निर्माण केलेली ब्रॉम्प्टन सायकल जवळपास अर्धे शतक सोळा इंची चाकांवरच चालली. २०२४ साली त्या कंपनीनेही ‘जी लाइन’ या नावाने वीस इंची चाकांची सायकल आणली. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘हॉर्नबॅक’ ही पूर्ण आकाराच्या चाकांची, विजेची जोड असलेली घडीची सायकल तयार केली आणि २०२३ साली उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर प्रशंसा केली. चाक मोठे झाले की घडीचे गाठोडेही मोठे होते. म्हणून प्रत्येक कारखानदार या दोहोंत आपापला तोल शोधतो. ग्राहकानेही तो आपल्यापुरता शोधावा लागतो, आणि तो दुकानाच्या फरशीवर सापडत नाही.

जामखेडला शेठजींच्या साडूंनी वीस इंची चाकांची घडीची सायकल नुकतीच घेतली होती. ती दोन दिवसांसाठी मागून आणली. परीक्षा सुरू झाली.

खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईत पराभूत निजामाने ज्या किल्ल्याचा आसरा घेतला, त्या किल्ल्याकडे शेठजी पहिल्या दिवशी सकाळी निघाले. पेठेतील उखडलेली खडी, दोन गतिरोधक, मग थोडा चांगला रस्ता आणि शेवटी मातीची वाट. काळ्या सायकलीइतकी ही स्थिर नव्हती. हँडल जरा चंचल होते आणि एका हाताने घाम पुसणे जमेना. परंतु खडीवर मनगटात कळ आली नाही. येताना त्यांनी कॅरिअरवर दहा किलोची गुळाची ढेप बांधून आणली, कारण रिकाम्या सायकलीने त्यांना कधीच जावयाचे नव्हते. ओझ्याने मागची बाजू जड झाली तरी हँडल हातात राहिले. निर्मात्याने स्वार आणि सामान मिळून सांगितलेली भारमर्यादा त्यांनी नातवाकडून वाचून घेतली आणि स्वतःचे वजन दुकानातील काट्यावर करून बेरीज ताडून पाहिली.

दुपारी घडीची पाळी आली. पहिल्या खेपेस चार मिनिटे लागली आणि बिजागरीत बोट चेमटता चेमटता वाचले. पाचव्या खेपेस एक मिनिटही लागले नाही. बिजागरीची खिट्टी पुरती बसली आहे की नाही, हे बसण्यापूर्वी दर वेळी हाताने चाचपावे लागते, हेही ध्यानात आले. मात्र मिटलेली सायकल उचलून वाड्याच्या पायऱ्या चढणे त्यांना जमले नाही. तिसऱ्या पायरीवर मनगटाने नकार दिला. म्हणजे ती वाड्यात वर न्यावयाची नाही, दुकानात गादीच्या बाजूला ठेवावयाची. दोरीने जागा मोजली, बसत होती.

पेठेतील सायकल दुरुस्तीवाल्याने टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचला. त्यातील दुसरी संख्या ४०६ होती. ती रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगते. लहान मुलांच्या अनेक वीस इंची सायकलींना हेच माप असते, त्यामुळे टायर-ट्यूब गावात मिळेल, असे तो म्हणाला. पुण्यातील त्या सोळा इंची सायकलीचे माप वेगळे निघाले असते, तर एका पंक्चरसाठी पुण्याची वाट धरावी लागली असती.

सर्व काही अनुकूल दिसत होते. संध्याकाळी शेठजी वाड्यासमोर आले, तेव्हा पत्नी उंबरठ्यावर उभ्या होत्या. त्यांनी एक चक्कर मारून दाखविली. पत्नी म्हणाल्या, “बसून काय दाखवता? उतरून दाखवा.”

शेठजी थांबले. सीट साडूंच्या उंचीची होती. पाय टेकेना, सायकल कलली आणि त्यांनी दाराचा खांब धरला. पत्नी काही बोलल्या नाहीत. आत निघून गेल्या.

त्या रात्री शेठजींनी पडल्याच्या दिवसाचा विचार प्रथमच नीट केला. सारे घर चाकाविषयी, घडीविषयी, किमतीविषयी बोलत होते. मनगट मोडले होते ते उतरताना. सीट खूप खाली घेतली तर पाय जमिनीवर पूर्ण टेकतो, पण गुडघे पुरते सरळ होत नाहीत आणि दोन किलोमीटरांत दुखू लागतात. उंच ठेवली तर गुडघ्यांना सुख आणि थांबताना भीती. उपाय सीटच्या उंचीपेक्षा थांबण्याच्या रीतीत आहे. ब्रेक लागताच सीटवरून पुढे सरकावयाचे, दोन्ही पाय चौकटीच्या दोन बाजूंस जमिनीवर टेकवून उभे राहावयाचे. काळ्या सायकलीवर मधली दांडी हे करू देत नव्हती. या सायकलीवर दांडी नव्हती. पण चाळीस वर्षांची सवय दांडी असल्यासारखीच वागत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीट चार बोटे खाली घेतली आणि पहाटे, पेठेत वर्दळ नसताना, फक्त थांबण्याचा सराव केला. सपाटीवर, उतारावर, गुळाची ढेप बांधून. शेवटी नातवाला अचानक आडवे यावयास सांगून. पहिल्या काही खेपांत पाय जुन्या सवयीने मागे उडे. मग तो पुढे येऊ लागला.

संध्याकाळी सायकल जामखेडला परत गेली. शेठजींनी वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले. नावेच्या बाजूला किंमत, चंचल हँडल, पायऱ्यांवर न उचलता येणारे वजन. जमेच्या बाजूला खडीवरचा आराम, गावात मिळणारे टायर, दुकानातील जागा आणि सर्वांत खाली, दोन रेघा मारून, “उतरता येते.” सायकल साध्या काळ्या सायकलीपेक्षा पुष्कळ महाग होती. परंतु दोन दिवसांची परीक्षा फुकट झाली होती, आणि तिने सोळा इंची सायकलीवर बुडू पाहणारी रक्कम वाचविली होती. बँका अनेक कर्जे तारण पाहिल्याशिवाय देत नाहीत. ग्राहकाने आपला रस्ता, आपले ओझे आणि आपले शरीर या तिन्हींचे तारण पाहिल्याशिवाय पैसे का द्यावेत? ज्यांना साडू नाहीत, त्यांनी विक्रेत्याकडे निदान दुकानाबाहेरच्या रस्त्यावरील फेरीचा आग्रह धरावा. नकार मिळाला तर तोही एक निष्कर्षच समजावा.

महिनाभराने वीस इंची चाकांची नवी सायकल खर्ड्यात आली. सकाळची वस्त्यांवरची फेरी पुन्हा सुरू झाली. पहिले काही दिवस पत्नी शेठजी परतण्याच्या वेळी उंबरठ्यावर येऊन उभ्या राहत आणि ते उतरेपर्यंत त्यांच्या पायांकडे पाहत. मग एका सकाळी शेठजींनी वाड्यापाशी घंटी वाजविली, सीटवरून पुढे सरकले, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिले आणि वर पाहिले. दारात कोणी नव्हते. आतून फक्त पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता.