हाडांचा सातबारा

वारसांनीं तंटा करावा हें नित्याचें. पण प्रेत कोणत्या राष्ट्राचें, यावर तंटा व्हावा हें विरळा. १९९१ सालीं आल्प्स पर्वताच्या बर्फांत सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींच्या एका पुरुषाचें प्रेत सांपडलें. जागा ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरची. मोजणी झाली, आणि ९२.५६ मीटरांच्या फरकानें तें इटलीचें ठरलें! ‘ओट्झी’ या नांवानें तें आज बोल्झानोच्या संग्रहालयांत आहे.

२०२३ सालीं त्याच्या डीएनएची नव्यानें तपासणी प्रसिद्ध झाली. त्याच्या वंशाचा नऊ दशांशांहून अधिक भाग अनातोलियांतून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या भूमींतून आलेल्या आद्य शेतकऱ्यांचा निघाला. हे लोक गहूं, जव आणि शेळ्यामेंढ्या घेऊन इ. स. पूर्वीं ६५०० च्या सुमारास ग्रीसकडे आले व पुढील हजारएक वर्षांत मध्य युरोपांत पोंचले.

पूर्वीं गुस्ताफ कोसिना या जर्मन पंडितानें मडक्यांवरून वंश ठरविले व नाझींनीं त्या मताचा उपयोग केला. त्या धास्तीनें महायुद्धानंतर कित्येक विद्वान, माणसें फारशीं हललींच नाहींत, केवळ विद्या पसरली, असें प्रतिपादूं लागले. युरोपापुरतें तें मत आतां टिकत नाहीं, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

परंतु यावरून ‘रक्त हेंच संस्कृतीचें बीज’ असें म्हणणें हा शुद्ध अविचार होय. इराणच्या झाग्रोस पर्वतांतील आद्य शेतकरी अनातोलियांतील शेतकऱ्यांहून भिन्न वंशाचे होते, हें २०१६ सालीं याच शास्त्रानें दाखविलें. विद्या दोघांचीही तीच. रक्त मात्र निराळें.

‘आमचे पूर्वज याच मातींतले’ म्हणून परकीयांविरुद्ध ओरड करणाऱ्या युरोपीय मंडळींस आमचा सवाल आहे. मूळचे कोण? अनातोलियाच्या शेतकऱ्यांपूर्वीं तेथें शिकारी होते, इ. स. पूर्वीं ३००० नंतर पूर्वेकडील गवताळ मैदानांतून पशुपालक आले. बहुतेक आजचे युरोपीय या तिघांचे मिश्रण होत. उलट ओट्झीला कोणी तुर्क म्हणेल, तर तेंही तितकेंच हास्यास्पद. तुर्की भाषक लोक अनातोलियांत मोठ्या संख्येनें आले ते अकराव्या शतकापासून.

कोण कोठून आला हें हाडें सांगतात. भूमि कोणाची हें तीं सांगत नाहींत. ज्यांस त्यांतूनच हक्काचा दाखला काढावयाचा आहे, त्यांनीं प्रथम आपण कोणत्या सहस्रकापाशीं थांबणार, आणि तेथेंच कां, एवढें सांगावें.